मगनवाडीचा हिशेबनीस

(एपिसोडचं लिखित रूप. बोलताना अडखळले ते काढलंय, बाकी बोलले तसंच ठेवलंय.)

आजचा भाग थोडा लांब आहे. एसटीत ऐकत असाल तर खिडकीची सीट पकडा, आणि घरी भांडी घासत ऐकत असाल तर आज कुकरसुद्धा घासून होईल, एवढा वेळ आहे आपल्याकडे.

विषय आहे शाश्वत अर्थव्यवस्था. थांबा, स्किप करू नका! मलाही हा शब्द ऐकला की कॉलेजची पीपीटी आठवते. हिरवं पान, पानावर पृथ्वी आणि खाली कुणाच्या तरी सरांचं नाव. म्हणून मी आज सुरुवात आमच्या घरच्या वहीपासून करते.

मी मेच्या शेवटी गावी गेले होते. सेलू तालुक्यात आमचं पाच एकर कोरडवाहू शेत आहे. ऊन असं की चप्पल अंगणात राहिली तर पायात घालवत नाही. बाबा आणि दादा ओसरीवर वही घेऊन बसले होते आणि दोघांचंही तोंड वाकडं. दादाचं म्हणणं होतं, यंदा शेत मक्त्याने देऊन टाकू, मी नागपूरला जातो, बुटीबोरीला कंपनीत लागतो. बाबा काही बोलत नव्हते. नुसतं पेनचं टोपण काढायचं, लावायचं, काढायचं, लावायचं.

मी वही ओढली. मागच्या हंगामाचा खर्च लिहिलेला होता. कपाशीचं बियाणं, एकराला दोन पाकिटं, एक पाकीट साडेआठशे-नऊशेचं. युरिया, डीएपी, पोटॅश. तणनाशक. चार फवारण्या. ट्रॅक्टर. सोसायटीचं व्याज. निंदण, वेचणी. खाली कापसाचा चुकारा. चुकाऱ्यातून खर्च वजा केला की उरलं ते एवढं कमी होतं की दादाने तो आकडा लिहिलाच नव्हता, नुसती रेघ ओढली होती.

मी गंमत म्हणून प्रत्येक ओळीपुढे लिहीत गेले, हा पैसा कुठे गेला? बियाणं, बाहेर. खत, बाहेर. त्यातलं पोटॅश तर जवळजवळ सगळंच देशाबाहेरून येतं. औषध, बाहेर. ट्रॅक्टर गावातलाच आहे, पण त्याचं डिझेल बाहेरचं. गावात राहिला तो फक्त निंदणाचा आणि वेचणीचा पैसा, म्हणजे गावातल्या बायांची मजुरी. आणि गंमत बघा, खर्च कमी करायचा म्हटलं की आपण सगळ्यात आधी हात घालतो तो त्याच ओळीला. तणनाशक आलं ना, मग निंदायला बाया कशाला?

हे असं "पैसा कुठून आला आणि कुठे गेला" विचारायची सवय मला एका माणसाने लावली. तो वारला १९६० साली, त्यामुळे भेट काही झाली नाही. पण त्याने काम केलं ते आमच्या शेतापासून बसने तासाभरावर, वर्धा शहरात, मगनवाडीत. नाव जे. सी. कुमारप्पा.

वर्ध्यात शिकलेल्यांनो, हात वर करा, कितीजणांना हे नाव माहीत होतं? मलाही नव्हतं. मगनवाडीसमोरून मी तीन वर्षं क्लासला गेले. आतमध्ये काहीतरी खादीचं आहे एवढंच माहीत होतं.

तर हे कुमारप्पा मुळचे तमिळ ख्रिश्चन, जन्म १८९२, तंजावर. शिकले लंडनला, हिशेबतपासनीस झाले, मुंबईत स्वतःची ऑडिटची फर्म काढली. सूट, बूट, टाय, सगळं व्यवस्थित. मग अमेरिकेत गेले आणि कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक वित्त शिकले, प्रोफेसर सेलिग्मन यांच्याकडे. आता इथे जरा थांबा. हेच सेलिग्मन त्याआधी काही वर्षं बाबासाहेब आंबेडकरांचेही प्राध्यापक होते! एकाच गुरूचे दोन विद्यार्थी, आणि खेड्याबद्दल दोघांची मतं दोन टोकांची. त्याकडे मी नंतर येते.

कुमारप्पांनी अभ्यास केला तो इंग्रज सरकारच्या कराचा आणि हिंदुस्थानच्या गरिबीचा. १९२९ मध्ये ते तो प्रबंध छापण्यासाठी साबरमतीला गांधीजींना भेटायला गेले. गांधीजींनी प्रबंध ठेवून घेतला आणि प्रबंध लिहिणाऱ्यालाही. खेडा जिल्ह्यात मातर तालुक्याची आर्थिक पाहणी करायला पाठवलं. म्हणजे कोलंबियाचा माणूस गुजरातच्या खेड्यात दारोदार जाऊन विचारतोय, तुमच्याकडे बैल किती, कर्ज किती, खाता काय. ऑडिटरच तो, पण आता कंपनीऐवजी गावाचं ऑडिट.

१९३४ च्या डिसेंबरमध्ये वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी त्यासाठी आपली संत्र्याची बाग आणि बंगला दिला. गांधीजींचे सहकारी मगनलाल गांधी १९२८ मध्ये वारले होते, त्यांच्या नावावरून त्या जागेला मगनवाडी म्हणायला लागले. गांधीजी सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला गेले १९३६ मध्ये. त्याआधी त्यांचा मुक्काम इथेच होता. संघाचे चिटणीस कुमारप्पा. आणि मग त्या बागेत जे सुरू झालं ते मला फार आवडतं, कारण ती एक प्रयोगशाळा होती. तेलाचा घाणा, हातकागद, मधमाश्या, गूळ, साबण, भात सडायचं जातं, बिनधुराची चूल. जुनं आहे म्हणून पुजायचं नाही, तपासायचं, मोजायचं, सुधारायचं. झवेरभाई पटेल म्हणून एक कार्यकर्ते होते, त्यांनी लाकडी घाण्यावर एवढं काम केलं की तो सुधारलेला घाणा पुढे "वर्धा घाणा" म्हणूनच ओळखला गेला.

आता मुख्य मुद्दा.

१९४२ च्या आंदोलनानंतर कुमारप्पा तुरुंगात गेले. जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी एक पुस्तक लिहिलं, इंग्रजीत. १९४५ च्या सुमारास ते आलं. त्याच्या नावाचा मराठीत अर्थ होतो, टिकून राहणारी अर्थव्यवस्था. प्रस्तावना गांधीजींची. त्यात त्यांनी कुमारप्पांना चक्क ग्रामोद्योगांचे डॉक्टर म्हटलंय. लक्षात घ्या, वर्ष १९४५. "सस्टेनेबल" हा शब्द जगभर फिरायला लागला त्याच्या चाळीस वर्षं आधी!

त्यातली कल्पना मी आपल्या भाषेत सांगते. घरात पैसा दोन प्रकारचा असतो. एक महिन्याचा पगार, दुसरी एफडी. पगार खर्चला तर पुढच्या महिन्यात परत येतो. एफडी मोडली तर मोडली. आता समजा एखादं घर दरवर्षी एफडी मोडून नवी गाडी घेतंय, टीव्ही घेतोय, आणि शेजारी म्हणतायत, वा, काय प्रगती आहे! कुमारप्पा म्हणतात, निसर्गातही हेच दोन प्रकार आहेत. कोळसा, खनिज तेल, लोखंड ही एफडी. पाऊस, ऊन, गवत, तीळ, जवस, बैलाची ताकद, हा पगार. पहिल्याला ते साठ्याची अर्थव्यवस्था म्हणतात, दुसऱ्याला प्रवाहाची.

आपल्या जिल्ह्याची गंमत बघा. आपल्या नदीचं नाव देशभर कशाला लागलंय? कोळशाला. "वर्धा खोऱ्यातला कोळसा". तो कोळसा तयार होऊन पंचवीस कोटींच्या वर वर्षं झाली, तेव्हा डायनासोरसुद्धा नव्हते. आणि चंद्रपूरच्या वीज केंद्रात तो किती वेळात जळतो? तुमचा हा एपिसोड संपेपर्यंत मालगाडीचा डबा संपलेला असेल.

पण कुमारप्पांचा खरा मुद्दा "साठा संपेल" एवढाच नाही. ते ऑडिटर होते, त्यांना पुढचं दिसत होतं. साठा एका जागी असतो, म्हणून तो एकाच्या ताब्यात जातो. मग तो ताबा राखायला बंदूक लागते, आणि हिसकवायलाही. ऊन सगळ्यांच्या अंगणात पडतं, खनिज तेलाची विहीर मात्र कुणाच्या तरी मालकीची असते. हे त्यांनी महायुद्ध चालू असताना लिहिलं. आज आखातात काही झालं की दुसऱ्या दिवशी सेलूच्या पेट्रोल पंपावर रांग लागते, तेव्हा मला ते पान आठवतं.

म्हणून त्यांनी दिवा बनवला. मगनदीप! रॉकेलच्या जागी करडी-जवसाच्या तेलावर जळणारा कंदील. तुम्ही म्हणाल, काय साधलं? आता हिशेब करा. रॉकेल आलं बाहेरून, पैसा गेला बाहेर, हातात उरली काजळी. गावातलं तेलबी गावच्या घाण्यात गेलं, तर तेल दिव्यात, ढेप बैलासमोर, शेण शेतात आणि पैसा तेल्याच्या घरात. त्याच पैशातून तो सुताराकडून घाण्याची लाट बसवून घेणार. एका दिव्यामागे पाच घरं. रॉकेलमागे एकही नाही.

प्राण्यांवरूनही त्यांनी अर्थव्यवस्थांचे प्रकार पाडलेत. त्यातलं एक उदाहरण आमच्या बाबांना फारच पटलं. माकड आमराईत शिरतं, झाड लावलं नाही, पाणी घातलं नाही, नुसतं ओरबाडून खाऊन जातं. मधमाशीही फुलाकडून घेतेच, पण घेता घेता परागीकरण करून जाते, म्हणजे पुढच्या फळाची सोय करते. बाबा म्हणाले, "माकडाचं तं मले नको सांगू, या वर्षी अर्धी तूर त्यायनंच खाल्ली."

पुढे १९७३ मध्ये शूमाखर नावाच्या अर्थतज्ज्ञाचं "स्मॉल इज ब्युटिफुल" आलं, जगभर गाजलं, पर्यावरणवाल्यांचं बायबलच झालं. त्यात कुमारप्पांचा उतारा आहे. म्हणजे आपल्या मगनवाडीतला विचार लंडनमार्गे फिरून पुन्हा आपल्या एमबीएच्या पोरांकडे आला, रिअरेंज होऊन, प्राइस टॅग लावून.

बरं, मग झालं काय? एवढं सगळं शहाणपण वर्ध्यात होतं, तर वर्धा असा का?

२००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग वर्धा जिल्ह्यातल्या वायफडला आले होते. शेतकरी आत्महत्यांमुळे आले होते. विदर्भाच्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं, त्यात वर्धा होता. अर्थशास्त्राच्या एवढ्या मोठ्या प्रयोगाचा जिल्हा, आणि नाव आलं ते या यादीत. ही गोष्ट गोड करून सांगता येत नाही.

एक उत्तर असं की देशाने तो रस्ता घेतलाच नाही. स्वातंत्र्याआधी नेहरूंच्या अध्यक्षतेखाली नियोजन समिती झाली होती, त्यात कुमारप्पा होते आणि लवकरच बाहेर पडले. पटलंच नाही. मोठी धरणं, पोलाद, कारखाने असं ठरलं. माझं मत विचाराल तर सगळं चुकलं असं मी म्हणणार नाही. मी आज मोबाइलवर बोलतेय आणि तुम्ही मोबाइलवर ऐकताय, तो काही घाण्यातून निघाला नाही.

दुसरं उत्तर मला माझ्या आजीने दिलं. मी तिला हातसडीच्या तांदळाबद्दल मोठ्या उत्साहाने सांगत होते, की त्यात जीवनसत्त्वं राहतात, गिरणीत सगळं जातं वगैरे. ती म्हणाली, "तुह्या त्या कुमारप्पाले म्हणा, एक दिवस मुसळ हाती घे अन् मंग सांग. आमचे खांदे कोणी मोजले बापा?" मी गप्प. खरंच आहे. ग्रामोद्योगाच्या हिशेबात पैसा गावात राहतो हे दिसतं, पण गावातल्या कुणाच्या अंगावर किती काम पडतं, हे त्या रकान्यात नसतं. गिरणी आली तेव्हा सगळ्यात आधी सुटकेचा श्वास बायांनी सोडला.

आणि तिसरं उत्तर, सेलिग्मन सरांच्या दुसऱ्या विद्यार्थ्याचं. नोव्हेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याबद्दल जे म्हटलं, त्याचा सारांश असा, की ज्याला तुम्ही आदर्श गाव म्हणता ते संकुचितपणाचं आणि जातीचं डबकं आहे. विचार करा ना. घाणा तेल्याकडे, कातडं चांभाराकडे, सुतारकी सुताराकडे. "गावचा पैसा गावात" म्हटलं की प्रश्न येतो, गावात कुणाकडे? नागपूरला शिकायला गेलेल्या माझ्या किती मैत्रिणींसाठी गाव सोडणं हीच सुटका होती. टिकाऊ अर्थव्यवस्था हवी म्हणून आपण त्यांना परत त्याच गल्लीत जा म्हणणार का? कुमारप्पा वाचताना बाबासाहेब शेजारी ठेवावेत असं मला वाटतं. एक सांगतो पैसा कुठे जातो, दुसरा विचारतो तो कुणाच्या हातात जातो.

आता कापसाकडे येते, कारण आमची वही शेवटी कापसाची आहे.

आपला कापूस पहिल्यापासून दुसऱ्याच्या गिरणीसाठी पिकतोय. हिंगणघाटच्या कापसाचं नाव इंग्लंडच्या बाजारात होतं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस थांबला, आणि इंग्रजांची नजर वऱ्हाड-वर्ध्याकडे वळली. रेल्वे आली त्याच दशकात. वर्धा शहरच मुळी त्याच सुमारास आखून वसवलेलं आहे. रुळ कुठून कुठे जातात बघा, शेतातून बंदराकडे. बियाणं, जात, धाग्याची लांबी, सगळं मागणीप्रमाणे. लांब धागा हवा, कारण मशीनला लांब धागा लागतो. आपली देशी कपाशी आखूड धाग्याची, पण कमी पाण्यात तगणारी, रसशोषक किडींना दाद न देणारी. ती मागे पडली.

मग २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. सुरुवातीची काही वर्षं उत्पादन वाढलं, बोंडअळीवरच्या फवारण्या कमी झाल्या, हे खरं आहे आणि ते मान्य केलं पाहिजे. बाबा अजून त्या वर्षांबद्दल बोलतात, दादाची बारावीची फी तेव्हाच्याच कापसातून गेली. पण आपल्याकडे ते आलं संकरित बियाण्यात. संकरित बियाणं घरी धरून ठेवलं तर पुढच्या वर्षी तसं उगवत नाही, म्हणून दरवर्षी पाकीट. शिवाय संकरित वाण उशिरापर्यंत शेतात उभं राहतं, त्यामुळे गुलाबी बोंडअळीला बारा महिने जेवण. अळीला विषाची सवय झाली. २०१७ चा हंगाम आठवतो? तिकडे बोंडं पोखरलेली, आणि त्याच वर्षी शेजारी यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसएक शेतकरी-शेतमजूर दगावले. म्हणजे वहीतली "फवारणी" ही ओळ नुसती पैशांची नसते.

यावर उपाय म्हणून लोक पटकन म्हणतात, सेंद्रिय करा. अहो, असं एका रात्रीत होत नाही. श्रीलंकेने २०२१ मध्ये रासायनिक खतांवर अचानक बंदी घातली. तयारी नाही, शेणखत नाही, शेतकऱ्याला शिकवलेलं नाही. भात पडला, चहा पडला, तांदूळ बाहेरून आणावा लागला आणि त्याच वर्षी बंदी मागे घ्यावी लागली. जमिनीला रसायनाची सवय सोडायला तीन-चार हंगाम लागतात. त्या हंगामांत उत्पादन घटतं. प्रश्न साधा आहे, त्या तीन वर्षांचं घर कोण चालवणार? जर्मनीने २०३८ पर्यंत कोळसा बंद करायचं ठरवलं, तेव्हा कोळशाच्या भागांसाठी ४० अब्ज युरोंची तरतूद केली. तिथल्या खाणकामगाराला सांगितलं नाही की पृथ्वीसाठी तू उपाशी राहा. आमच्या बाबांना मात्र प्रत्येक भाषणात हेच सांगतात, फक्त शब्द गोड असतात.

काम करणारी माणसं आपल्या जिल्ह्यात आहेत, हे सांगायला हवं. गोपुरीला विनोबांनी १९३४ मध्ये सुरू केलेलं ग्राम सेवा मंडळ आहे, तिथे आजही खादी होते. दत्तपूरला देवेंद्रकुमारांनी १९७६ मध्ये ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र काढलं, माती-बांबूच्या घरांपासून चुलीपर्यंत काम केलं. चेतना विकासने कोरडवाहू शेतीत मिश्र पिकांवर वर्षानुवर्षं प्रयोग केले. आणि मगनवाडीत आता केंद्र सरकारची महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे, शेजारी मगन संग्रहालय, ज्याचं उद्घाटन १९३८ मध्ये गांधीजींनी केलं. जा एकदा. सेल्फीपुरतं का होईना, जा. तिथला चरखा बघा, घाणा बघा.

विनोबांचं तर विचारूच नका. १९५० मध्ये पवनारला त्यांनी कांचनमुक्तीचा प्रयोग केला. पैशाशिवाय जगायचं. स्वतः विहीर खोदायची, बैलाशिवाय शेती करायची. मला आदर आहे, पण खरं सांगू, ते आपल्याला जमणार नाही. बाबांना पैशापासून मुक्ती नकोय, कर्जापासून हवीय.

आता सोलरबद्दल. मला सगळ्यात जास्त मेसेज याच्यावर येतात. आमच्या काकांनी सौर कृषी पंप बसवलाय. आधी लाइट रात्रीची यायची, काका बॅटरी घेऊन जायचे ओलिताला, अंधारात साप, रानडुक्कर, आणि काकू दारात बसून. आता दिवसा ओलित होतं. काकूंना विचारा शाश्वत म्हणजे काय, त्या म्हणतील, माणूस रात्री घरी असणं.

पण कुमारप्पांची वही काढा. ऊन, प्रवाह, छान. पॅनेलचा पैसा, बाहेर. चला, एकदाचाच आहे. आणि तिसरी ओळ, जी कुणी लिहीत नाही, पाणी. पंप फुकट चालतो म्हटल्यावर बंद कोण करतं? आपल्याकडे खाली काळा खडक, बेसाल्ट. त्यात पाणी मुरतं ते भेगांमध्ये, तेही थोडं. काकांच्या विहिरीला मागच्या मार्चमध्येच तळ दिसला. म्हणजे पगाराच्या विजेने एफडीचं पाणी उपसणं चालू आहे. हे मी काकांना म्हटलं तर ते म्हणाले, "मी थांबवलं तं शेजारचा उपसते." बरोबर आहे. विहिरी वेगळ्या असतात, खालचं पाणी एकच असतं. तिथे एकट्या माणसाच्या चांगुलपणाचा उपयोग नाही, गावाने बसून ठरवावं लागतं, कोण किती आणि कोणतं पीक. पंपाला अनुदान मिळतं, पण या बैठकीसाठी कुणी अनुदान देत नाही.

तर वही. त्या दिवशी ओसरीवर दोन तास झाले. मी कुमारप्पा सांगत होते, दादा मोबाइलवर बघत होता, मला वाटलं रील बघतोय. नंतर दाखवलं, त्याने एक्सेल उघडून दोन रकाने केले होते. "गावात" आणि "बाहेर". चार एकर जसं आहे तसं, कपाशी. कारण त्यावर सोसायटीचं कर्ज आहे आणि धोका घेता येत नाही. एका एकरात सरळ वाणाची कपाशी, ज्याचं बी पुढच्या वर्षी धरता येतं. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था असं वाण दाट पेरायला सांगते, झाडं लहान, बोंडं लवकर, अळी यायच्या आत उलंगवाडी. मध्ये तुरीच्या ओळी, कडेला ज्वारी. म्हणजे कापूस पडला तरी डाळ आणि कडबा घरचा.

अडचणी आहेत. जिनिंगवाला आखूड किंवा मध्यम धागा बघितला की भाव पाडतो. एका एकराचा कापूस वेगळा ठेवायला जागा नाही. दाट पेरलं तर डवरणी कशी करायची, यावर बाप-लेकात भांडण झालं. आणि दादाने सरळ सांगितलं की हा एक एकर त्याच्या नागपूरच्या पहिल्या सहा महिन्यांच्या पगारावर चालणार आहे. म्हणजे आमच्या घरच्या या बदलाचं अनुदान बुटीबोरीची एक कंपनी देणार, तिला न कळता. मला हसू आलं आणि वाईटही वाटलं.

आई तेवढ्यात चहा घेऊन आली. तिने स्क्रीनकडे बघितलं आणि विचारलं, "यात माहं निंदण कोणत्या रकान्यात हाय?"

दादाने विचार केला, म्हणाला, "गावात."

"मंग लिही ना आकडा. दरसाली मी फुकटची निंदते तुमच्या वावरात."

दादाने तिसरा रकाना केला. त्यात आईचे दिवस लिहिले, रोजच्या मजुरीच्या दराने. आकडा बियाण्याच्या आणि औषधाच्या बेरजेहून जास्त आला. बाबांनी टोपण लावलं ते मग काढलंच नाही.

तुमच्या घरी कापूस नसेल, संत्रा असेल, सोयाबीन असेल, किंवा नुसता फ्लॅटचा हप्ता असेल. एक महिना हे तीन रकाने करून बघा आणि काय निघालं ते मला व्हॉइस नोटवर सांगा, नाव न घेता पुढच्या भागात ऐकवेन. आमच्याकडे अजून पाऊस नाही. बाबा रोज संध्याकाळी धुऱ्यावर जाऊन येतात. त्या एका एकराचं बियाणं घरात आहे, कोठीजवळ टांगलेलं, उंदरांपासून लांब.

चला, भेटू पुढच्या बुधवारी.